मुलीला ड्रमलाइनमध्ये जायचंय, रुडिमेंट्सची तयारी कशी करून घ्यावी?

स्वराची आई

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगी आठवीत आहे, ऑगस्टपासून हायस्कूल. इथल्या गणपतीच्या पथकात ती ताशा वाजवते आणि हात चांगला आहे असं पथकातले दादा-ताई सांगतात. गेल्या ऑक्टोबरात शुक्रवारच्या फुटबॉल मॅचला गेली, हाफटाइमला मैदानात उतरलेला बँड आणि त्यातली ड्रमलाइन (चालता चालता ड्रम वाजवणाऱ्यांची रांग) पाहिली आणि घरी आली ती एकच धोशा घेऊन: मला स्नेअर लाइनमध्ये वाजवायचंय. (स्नेअर म्हणजे खाली तारा ताणलेला, कडक आवाजाचा छोटा ड्रम.)

ऑडिशन मे महिन्यात आहे. शाळेने सरावाची पानं पाठवली आहेत. त्यात ‘एट्स’, ‘ॲक्सेंट-टॅप’, ‘डबल बीट’, पॅराडिडल, रोल, फ्लॅम असे व्यायाम आहेत आणि शेवटी एक कॅडेन्स (बँड चालताना वाजवायची ड्रमची धून). आमची अडचण अशी की ताशा ती सगळा कानाने शिकली, नोटेशन वाचता येत नाही. तिने इंटरनेटवरून चाळीस रुडिमेंट्सचा (ड्रमवादनातल्या फटक्यांच्या मूळ तुकड्यांचा) तक्ता छापून भिंतीवर लावलाय. रोज वरून खाली एकेक वाजवत जाते, जमेल तेवढ्या वेगात. पंधरा-वीस झाले की डावा हात भरून येतो, मग चिडचिड आणि रडारड.

मला संगीतातलं काही कळत नाही, पण एवढं दिसतंय की ती मेहनत करतेय आणि पुढे सरकत नाहीये. कुठून सुरू करावं? घरी काय घ्यावं? आणि एक गोष्ट मनाला लागली आहे. एका खासगी शिकवणीवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, आधी तो ताशा बंद करा, हात बिघडलाय. ताशा बंद करायचा म्हणजे तिचं पथक, तिच्या मैत्रिणी, सगळंच आलं. खरंच सोडावा लागेल का?

ढोलकरी_पुणे

ताई, ताशा अजिबात सोडू नका. ज्याला तर्री (ताशावरचे जलद, सलग फटके) येते त्याला जगातलं कुठलंही चर्मवाद्य येईल. माझं मत विचाराल तर चाळीसच्या चाळीस रुडिमेंट्स क्रमाने पाठ करून घ्या. तबल्यात कायदे पाठ करतात तसंच. मे महिन्यापर्यंत आठवड्याला दोन-तीन या हिशोबाने सहज होतील. डावा हात भरून येतोय म्हणजे जोर वाढतोय, घाबरू नका.

अवनी_ह्यूस्टन

ताई, ताशाबद्दल मी दादांशी सहमत आहे, बाकीच्याबद्दल नाही.

मी पुण्यात कॉलेजात असताना पथकात ताशा वाजवायचे. मग इंडियानात शिकायला आले आणि विद्यापीठाच्या ड्रमलाइनमध्ये शिरले. आता नोकरी सांभाळून ह्यूस्टनकडच्या एका हायस्कूलच्या ड्रमलाइनला संध्याकाळी शिकवते. ताशावरून आलेल्या मुलांना चालता चालता लय धरता येते. शेजारच्याचा हात ऐकून आपला हात जुळवायची सवय असते. उन्हात घामाघूम होऊन वाद्य अंगावर घेऊन उभं राहायची तयारी असते, आणि टेक्सासमधल्या ऑगस्टच्या बँड कॅम्पमध्ये ही तयारी फार कामाला येते. यातलं काहीच सरावाच्या रबरी पॅडवर शिकवता येत नाही. त्यामुळे ‘हात बिघडलाय’ हे बोलणं मनावर घेऊ नका. हात बिघडलेला नाही, त्याला आणखी एक बोली शिकायची आहे.

फरक कुठे आहे ते मात्र तिला समजायला हवं. ताशाच्या काड्या बारीक आणि हलक्या. मार्चिंग स्टिक साधारण 16-17 इंच लांब आणि पाऊण इंचाला जरा कमी इतकी जाड असते. आणि ड्रमचं पान केव्लार नावाच्या मजबूत धाग्याचं, इतकं कडक ताणलेलं की स्टिक पडली तशी उसळून वर येते आणि प्रत्येक फटका सुटा ऐकू येतो. मिरवणुकीत आपल्या मागे ढोलांची भिंत असते, एखादा फटका इकडचा तिकडे झाला तरी तो त्यात मुरून जातो. स्नेअर लाइनमध्ये आठ जण मिळून एकच ड्रम वाजतोय असं वाटायला हवं. त्यात एकाची स्टिक दुसऱ्यापेक्षा दोन इंच वर गेली की ते डोळ्यांनाही दिसतं आणि कानांनाही कळतं.

म्हणून इथे उंची मोजतात. स्टिकचं टोक पॅडपासून किती वर जातं त्यावर आवाज ठरतो: हलका फटका 3 इंचांवरून, मधले 6 आणि 9, मोठा 12. शाळेगणिक आकडे थोडे बदलतात, तिच्या पानांत बहुधा दिलेलेच असतील. ताशात मी जे शिकले त्यात हा हिशोब नव्हता. सगळं वरच्या पट्टीत असायचं आणि ते तिथे शोभायचंही.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. मोठा फटका कुणीही मारतं. मी ऑडिशन घेते तेव्हा दोन मोठ्या फटक्यांच्या मधले हलके फटके ऐकते. ते सगळे एका उंचीचे आहेत का, उजव्याचा आणि डाव्याचा आवाज सारखा आहे का, मोठ्या फटक्यानंतरचा पहिला हलका फटका खरंच हलका पडतो की आधीच्याच्या धक्क्याने उडतो? एवढं ऐकलं की पुढची दोन पानं ऐकायची गरज उरत नाही. ज्याचे हलके फटके जागच्या जागी आहेत त्याला पुढचं सगळं शिकवता येतं. ज्याचे नाहीत त्याने चाळीस रुडिमेंट्स धडाधड वाजवून दाखवले तरी लाइनमध्ये उभं करता येत नाही.

त्या तक्त्याबद्दल. हे मुळात लष्करी ढोल वाजवणाऱ्यांचं शास्त्र. छावणीत उठायची, जेवायची, कूच करायची इशारत ढोलावर व्हायची, आणि शिकाऊ पोरांना ती इशारत शिकवायला तिचे तुकडे पाडले. अमेरिकेत 1812 साली चार्ल्स स्ट्यूअर्ट ॲशवर्थ यांनी या तुकड्यांना ‘रुडिमेंट’ म्हटलं. 1933 मध्ये शिकागोत जमलेल्या ड्रमवादकांनी त्यातले 13 अत्यावश्यक ठरवले, पुढे त्यांचे 26 झाले, आणि 1984 मध्ये पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने 40 चा तक्ता केला. तोच तिच्या भिंतीवर आहे. तो कुळांप्रमाणे लावलेला आहे: रोल, डिडल, फ्लॅम, ड्रॅग. कोश जसा असतो तसा तो आहे, आणि कोश पहिल्या पानापासून पाठ करून कुणी बोलायला शिकत नाही. पूर्वीच्या लोकांनी 13 वर समाधान मानलं त्याला कारण होतं. मे महिन्यापर्यंत मी तिला जेमतेम चार गोष्टी देईन.

पहिली म्हणजे एट्स. उजव्या हाताने सलग आठ, मग डाव्याने सलग आठ. दिसायला बाळबोध, पण ड्रमलाइनचा रोजचा दिवस यानेच सुरू होतो, जगातल्या उत्तम ड्रम कोअरसुद्धा (स्पर्धांत उतरणारे मार्चिंग संघ) पार्किंग लॉटमध्ये उभ्या राहून आधी हेच वाजवतात. मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 90 ठोक्यांवर लावायचा, एका ठोक्याला दोन फटके, उंची 9 इंच. स्टिक मनगटातून खाली टाकायची आणि तिची तिला वर येऊ द्यायची, ओढून वर न्यायची नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यात स्टिक धरलेली असावी आणि बाकीची बोटं तिच्याभोवती सैल टेकलेली, सुटलेली नकोत आणि आवळलेलीही नकोत. आठवा फटका पहिल्यासारखाच वाजला पाहिजे. डाव्या हाताचे आठ उजव्यापेक्षा मऊ येत असतील (सगळ्यांचे येतात) तर उजव्याचे आठ एकदा, डाव्याचे दोनदा, असं महिनाभर करायचं. ताई, डावा हात भरून येतो त्याचं कारण बहुतेक हेच असणार: ती वेग गाठण्यासाठी मूठ आवळते आहे. भरून येणं म्हणजे जोर वाढणं नव्हे. हात भरला की थांबायचं, झटकायचा, वेग कमी करून पुन्हा धरायचं.

दुसरी गोष्ट पॅराडिडल, आणि यावर जरा रेंगाळते, कारण सगळी मेख इथे आहे. हात असे पडतात:

उ डा उ उ, डा उ डा डा

पहिल्या फटक्यावर जोर, म्हणजे तो 12 इंचांवरून. बाकीचे तीन 3 इंचांवरून. आता एकेका हाताकडे बघा. उजवा 12 वरून खाली येतो आणि त्याला तिथेच 3 इंचांवर थांबायचं असतं, कारण त्याचे पुढचे दोन फटके हलके आहेत. डावा दुसऱ्या फटक्याला 3 वरून पडतो, पण लगेच त्याला 12 पर्यंत वर जायचं असतं, कारण पुढचा जोराचा फटका त्याचा आहे. म्हणजे एकाच क्षणी एक हात खाली थांबतोय आणि दुसरा वर निघालाय. पोरं इथे गडबडतात. थांबायचं म्हणून स्टिक गच्च दाबतात, त्याने आवाज चिरकतो आणि पुढचे दोन हलके फटके आखडून जातात. थांबवायची ती दाबून नव्हे. मोठा फटका पडला की मागची तीन बोटं स्टिकला हलकेच भेटतात, तेवढ्याने ती खाली राहते.

हे तिला डोळ्यांनी दिसावं म्हणून एक करा. पॅड टेबलावर भिंतीला लागून ठेवा. पॅडच्या पृष्ठभागापासून 3 इंचांवर आणि 12 इंचांवर भिंतीला रंगीत चिकटपट्टीच्या दोन आडव्या रेघा मारा. फोन समोर पॅडच्याच पातळीवर उभा करून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. मेट्रोनोम 60, त्याहून जास्त नाही. पहिल्याच चित्रणात दिसेल की मोठ्या फटक्यानंतरचा हलका फटका 3 च्या रेघेवर नसून 5-6 वर आहे. ते तिने स्वतः पाहिलं की आपण सांगायची गरज राहत नाही. आमच्याकडे एक मुलगा होता, हात विजेसारखा, पण पॅराडिडल नेहमी ढगळ वाटायचा. दोन रेघांसमोर उभा केला, त्याने स्वतःचे हात पाहिले आणि स्वतःहून वेग निम्म्यावर आणला. उन्हाळा संपताना तो लाइनच्या मधोमध उभा होता.

तिसरी गोष्ट रोल, म्हणजे प्रत्येक हाताचे दोन-दोन. हा शिकताना आधी दोन-दोन वाजवायचेच नाहीत. नुसतं उ डा उ डा सरळ वाजवायचं, सगळे एका उंचीचे, हात अगदी निवांत. मग हातांची चाल तीच ठेवून प्रत्येक फटक्याच्या जागी दोन येऊ द्यायचे. हात जास्त धावता कामा नयेत, फक्त आवाज दुप्पट झाला पाहिजे. दोनातला दुसरा फटका नेहमी मरतो, कारण तो उसळीवर सोडून दिलेला असतो. त्याला औषध म्हणजे उशी. उशीवर उसळी मिळतच नाही, दुसरा फटका मनगटाने स्वतः मारावा लागतो. रोज थोडाच वेळ, हळू, मग परत पॅडवर. ताशाची तर्री तिच्या हातात आहे म्हणून तिला इथे घाई होईल. मी शिकले त्या तऱ्हेत तर्री भरली, गरजली की झालं. इथे रोलमधला प्रत्येक फटका मोजून सुटा ऐकू यायला लागतो. तर्रीचा वेग तिला नंतर आयता मिळेल, मेपर्यंत तो बाजूला राहू दे.

चौथी गोष्ट फ्लॅम: एक बारीक फटका आणि त्याला चिकटून एक मोठा. बारीक आधी कसा पडतो? दोन्ही हात एकाच वेळी सोडायचे, पण एक 3 इंचांवरून आणि दुसरा 12 वरून. जो जवळ आहे तो आधी पोचतो. मुद्दाम मागे-पुढे मारायला गेलं की फ्लॅम फाकतो.

फ्लॅमच्या कुळातला फ्लॅम टॅप तिच्या पानांत नक्की असणार आणि तो बघून ती घाबरणार. त्याला एका हाताने सोडवावं. चार मोजत राहायचं. उजवा हात 1-2-3 वाजवतो आणि 4 ला गप्प: मोठा, हलका, बारीक. डावा हात 3-4-1 वाजवतो आणि 2 ला गप्प: त्याचेही मोठा, हलका, बारीक. उजवा एकटा वाजवा, डावा एकटा वाजवा, कंटाळा येईपर्यंत. मग एकत्र आणा. फ्लॅम टॅप आपोआप तयार झालेला असतो, वेगळा शिकावा लागत नाही. फ्लॅमचा कुठलाही प्रकार असाच सोडवता येतो, आणि म्हणून मी तक्ता पाठ करण्यापेक्षा ‘एकटा हात काय करतोय’ हे विचारायला शिकवते.

ड्रॅगला (मोठ्या फटक्याआधी दोन बारीक फटके) मेपर्यंत हात लावू नका. दुहेरी फटके सुधारले की तो येतो.

सामानाचं म्हणाल तर रबरी पॅड, पॅडसाठी स्टँड आणि एक जोडी मार्चिंग स्टिक, बस. पॅड स्टँडवर कमरेच्या जरा खाली येईल असं ठेवा आणि उभं राहूनच वाजवू द्या. ड्रम घेऊ नका, तो शाळा देते.

स्वराची आई

अवनी, इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. काल चिकटपट्टीच्या रेघा मारल्या. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, हलका फटका रेघेच्या वर. ती स्वतःच “आई, हा बघ, हा उडतोय” म्हणाली आणि तक्ता काढून ठेवला.

आणखी दोन-तीन गोष्टी विचारते. डावा हात तळवा वर करून धरतात ना, ती ट्रॅडिशनल ग्रिप, ती आत्ताच शिकवावी का? व्हिडिओत सगळ्या स्नेअरवाल्यांची तशीच दिसते. नोटेशनचं काय करू? आणि कानांना काही होत नाही ना? पथकात मला ती काळजी असतेच.

अवनी_ह्यूस्टन

ग्रिपचं आधी शाळेला विचारा, एक ईमेल टाका. काही शाळांत स्नेअर ट्रॅडिशनल ग्रिपने वाजवतात, काही सरळ दोन्ही हात सारखे ठेवतात. टेनर (एकाच्याच अंगावरचा अनेक ड्रमचा संच) आणि बेस (मोठे, खोल आवाजाचे ड्रम) बहुतेक सगळीकडे दोन्ही हात सारखे ठेवूनच वाजवतात. ती उलटी पकड आली कुठून तर जुन्या काळी ड्रम खांद्यावरून पट्ट्याने लटकायचा, तो डाव्या मांडीशी यायचा आणि उजवीकडे कलायचा. कललेल्या पानावर डावा हात सरळ पोचत नाही म्हणून तो खालून यायला लागला. आता ड्रम अंगावर घालायच्या कॅरियरवर सपाट बसतो तरी पकड परंपरेने राहिली आहे.

शाळेने ट्रॅडिशनल सांगितली तरच ती सुरू करा. त्यात स्टिक अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात बसते आणि अनामिकेच्या नखाजवळ टेकते. फटका मनगट वर-खाली करून येत नाही. कुलूप उघडताना किल्ली फिरवतो तसा कोपरापासूनचा हात फिरतो. हे नवीन स्नायूंचं काम आहे. त्यामुळे रोज थोडं, डाव्या हाताचे एट्स फक्त, आणि बाकी व्यायाम नेहमीच्या पकडीने चालू ठेवा. अंगठ्याच्या बुडाशी किंवा मनगटाच्या आत दुखायला लागलं तर त्याच दिवशी थांबवा. केव्लारच्या कडक पानावर पुढे तासन्‌तास वाजवायचंय, आखडलेली पकड घेऊन कुणी त्यावर उतरू नये. मनगटाची दुखणी ड्रमलाइनमध्ये सर्रास असतात आणि ती बरेचदा आवळून वाजवणाऱ्यांना होतात.

नोटेशनला घाबरू नका. सूर वाचायचे नाहीत, फक्त काळ वाचायचा आहे. एका ठोक्याचे चार भाग: ‘वन ई अँड अ’. आधी तोंडाने म्हणायचं, मग हाताने टाळी, मग स्टिक. आपल्याकडे बोल आधी तोंडात घेतात, ते तिला ताशामुळे ठाऊकच आहे, तेच इथे करायचं. रोज सराव सुरू करण्याआधी पानांतली एक ओळ म्हणून घ्यायची. ऑडिशनला न पाहिलेली ओळ वाचायला देतात तिथे हे उपयोगी पडेल. एक पथ्य: व्यायाम व्हिडिओत ऐकून पाठ करू देऊ नका. तिचा कान तेज आहे, ती दोनदा ऐकून वाजवेल आणि वाचायचं राहून जाईल.

कान. यात मी अजिबात तडजोड करत नाही. अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था नायॉश 85 डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन. ड्रमलाइन 100 च्या वर सहज जाते, म्हणजे हिशोब तासांवरून मिनिटांवर येतो. पथकात ताशाच्या रांगेत उभं राहिलं तरी हेच आहे. संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात, आवाज सगळीकडून सारखा कमी करणारे, त्यात शेजारचा स्पष्ट ऐकू येतो. तिला ते दोन्हीकडे घालायला लावा, आणि पथकातल्या बाकीच्या मुलांच्या आयांनाही सांगा. पुण्यात असताना आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

ढोलकरी_पुणे

अवनीताई, पटलं. पॅराडिडलमधले दोन हात वेगळे करून दाखवलेत ते पथकातल्या नव्या ताशावाल्यांना दाखवणार आहे. आमच्याकडे हलका फटका कुणी मागतच नाही, पण स्थिरवादनात मागायला हवा असं आता वाटतंय. प्लगचंही पथकप्रमुखांच्या कानावर घालतो.

बेसवाला_बाबा

स्वराची आई, माझा मुलगा ऑस्टिनजवळच्या शाळेत ड्रमलाइनमध्ये आहे म्हणून लिहितोय. अवनीताईंनी तंत्राचं सगळं सांगितलंय, मी घरचं सांगतो. आमच्या मुलालाही स्नेअरच हवा होता. त्याला बेस मिळाला. आठवडाभर घरात सुतक होतं.

बेस म्हणजे मागे उभं राहून ढब-ढब, असं आम्हाला वाटायचं. तसं नसतं. पाच ड्रम, पाच आकाराचे, पाच जण, आणि एका ठोक्यातले चार फटके चार वेगळ्या मुलांना वाटून दिलेले. तुमच्या वाट्याला ‘ई’ आला असेल तर तुम्ही नेमका ‘ई’ मारायचा, ना आधी ना नंतर, तरच ती धून एका हाताने वाजवल्यासारखी डावीकडून उजवीकडे धावत जाते. सगळ्यात पक्की गणती लागते ती बेसला. माझा मुलगा आता स्नेअरचं नाव काढत नाही. ऑडिशनच्या फॉर्मवर दुसरी आणि तिसरी पसंती विचारतात, तिथे रिकामं ठेवू नका. आणि घरी आधीच बोलून ठेवा की कुठलाही ड्रम मिळाला तरी आपण साजरा करणार आहोत. आम्ही ते आधी बोललो नव्हतो.

आणखी एक. टेक्सासमध्ये शाळेच्या वेळेबाहेरच्या सरावाला आठवड्याला आठ तासांची मर्यादा आहे, त्यामुळे अभ्यासाचं फार घाबरू नका. पण मॅच आणि स्पर्धांचे शनिवार त्यात धरत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबर कुठे जातो कळत नाही. गणपतीची मिरवणूक आणि बँड एकाच शनिवारी आले तर काय करायचं हे पथकाशी आणि बँड डिरेक्टरांशी उन्हाळ्यातच बोलून घ्या. आमच्या डिरेक्टरांना मिरवणुकीचा व्हिडिओ दाखवला तेव्हा ते स्वतः पाहायला आले होते.

स्वराची आई

बाबा, हे फार बरं झालं सांगितलंत. टेनरबद्दल ती विचारत होती, दुसरी पसंती तीच लिहू का?

अवनी_ह्यूस्टन

टेनर कमरेवर सगळ्यात जड असतो, आणि हात आडवेही फिरवावे लागतात. स्वरा अंगाने लहानखुरी असेल तर पहिल्या वर्षी बेस दुसरा लिहा, टेनर तिसरा. अंगपिंड दणकट असेल तर उलट. बेसबद्दल बाबांनी लिहिलंय त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे.

आता एकच काम वाढवा. एट्स वाजवताना तिला जागच्या जागी पाय मारायला लावा. डावा पाय एकवर, टाच नीट उचलून, मेट्रोनोमसोबत. ऑडिशनला ही मागणी हमखास होते आणि पॅडवर उत्तम वाजवणारी मुलं पाय सुरू झाले की कोलमडतात. मिरवणुकीत चाललेल्या मुलीला हे लवकर साधेल. आधी पाय एकटे, मग पाय आणि तोंडाने मोजणं, मग हात. दोन आठवड्यांनी तिच्या हातांचा व्हिडिओ इथे टाका, चेहरा नको, फक्त पॅड, स्टिक आणि त्या दोन रेघा दिसू देत. वेग 60 च ठेवा. डाव्या हाताचे हलके फटके ऐकून पुढचं सांगते.